रबराचा अंगठा हजर

हजेरीच्या यंत्राने मावशीचा अंगठा सलग तिसऱ्या दिवशी नाकारला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या ताईला दयेच्या आधी कुतूहल वाटलं. तिचा स्वभावच तसला, नको तिथे नाक खुपसायचा.

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशी अकरा वर्षं साचे घासत होती. प्लास्टर आणि ते उतरवायचं आम्लाचं पाणी यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजवल्या होत्या. ती सगळ्यांच्या आधी यायची, पण यंत्राच्या लेखी आलेलीच नसायची. चौथी गैरहजेरी पडली की काम जाणार, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"साहेब, मावशी तुमच्या डोळ्यांदेखत राबतायत," ताई म्हणाली.

"माणसं खोटं बोलतात, ताई. यंत्र बोलत नाही."

ते वाक्य ताईच्या डोक्यात घर करून बसलं. यंत्र नेमकं बघतं काय? माणूस, की नुसत्या रेषा? रेषाच बघत असेल, तर रेषा उठवणं हा तिचा रोजचा धंदा. दातावरची केसाएवढी चीर साच्यात उतरवणाऱ्या बाईला अंगठ्याची काय मातब्बरी! जेवणाच्या सुट्टीत तिने दातांचं माप घ्यायच्या लगद्यात स्वतःचा अंगठा दाबला आणि खाचेत पातळ रबर ओतलं. पहिला नमुना यंत्राने झिडकारला. दुसरा फारच जाड झाला. तिसऱ्यावर तिने तोंडाची वाफ सोडली, टेकवला, आणि हिरवा दिवा लागला.

ताईला आधी हर्ष झाला, मग तिने तो अंगठा झटकन मुठीत लपवला. उद्या कुणीही तिच्या नावावर आत शिरेल, आणि अंगठा काही कुलपासारखा बदलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राला हात न लावता ती थेट वर साहेबांच्या खोलीत जाऊन बसली.

"जरा हजेरीच्या पडद्याकडे बघा, साहेब."

पडद्यावर ताईचं नाव उमटलं: हजर, आत्ताच, खालच्या दारातून. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, समोर बसलेल्या ताईकडे पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एवढ्यात मावशी धापा टाकत जिना चढून आली. तिच्या चिमटीत रबराचा अंगठा होता.

"हा आला कामावर," ती म्हणाली. "मी अजून गैरहजर आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. पण हार मानतील तर ते साहेब कसले! "मग सोपं आहे की. मावशींनाही असाच एक चांगल्या रेषांचा अंगठा करून द्या, तो नोंदवून टाकू. प्रश्नच मिटला."

"मग साचेही त्याच्याकडूनच घासून घ्या," मावशी म्हणाली.

ताईला हसू आवरेना. साहेब चरफडले, पण खण उघडून त्यांनी एक वही काढली, मावशीची चारही दिवसांची हजेरी लिहिली आणि सवयीने शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

मावशीने पॅडकडे पाहिलं. मग साहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि चारही ओळींपुढे सावकाश सही केली.