बारदान्याचा एक किलो

मित्रांनो, माझ्या फळीवर कापसाची पोती चढली, तसे कबड्डीचे गडीही चढले. मी घनसावंगीच्या शांतिलालशेठच्या आडतीतला वजनकाटा, आता पुरता म्हातारा झालेला. तोलणे एवढेच मला येते. तरी भुजंग नावाच्या एका माणसाचे वजन मला आजवर उमगलेले नाही.

१९८१ साली मी नवाकोरा आडतीत आलो. माझ्या दांडीच्या टोकाला एक पितळी गोळा आहे. फळीवर रिकामे पोते ठेवून तो फिरवला, की पोत्याचा एक किलो आपोआप वजा होतो आणि नुसत्या मालाचे वजन कळते. याला बारदाना वजा करणे म्हणतात. हंगामात माझा गोळा कायम तिथेच असे.

दोन वर्षांनी गावात साठ किलो गटाचे कबड्डी सामने ठरले. गडी तोलायला शेठनी मला मैदानावर धाडले. गोळा मागे घ्यायचे कुणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही, खरे सांगतो. गावचा भुजंग साडेसाठ भरायचा. तो दोन स्वेटर घालून अर्धा तास धावला आणि धापा टाकत फळीवर चढला. माझी दांडी साठाच्या आतच सरळ झाली! सगळे नाचले, मीही खूश झालो.

जवळच्या साखर कारखान्याच्या संघाला त्या दिवशी एकच गडी निवडायचा होता. समोरच्या संघातल्या, आष्टी गावच्या कडूबाची चढाई भुजंगापेक्षा सरस होती, पण शेवटी त्याचे पाय लटपटले आणि भुजंगाने त्याला धरले. भुजंग पगारी खेळाडू झाला. आठ वर्षे तो कारखान्याकडून खेळला, गुडघा गेल्यावर गावी परतला आणि गावच्या कबड्डी मंडळाचा कार्यवाह झाला. त्याने मला आडतीतून मंडळात आणले, तेलपाणी केले. नव्या गड्यांना तो एकच गोष्ट ऐकवी, "म्या अर्ध्या तासात वजन उतरवल्तं. तुम्हाला काय धाड भरली?"

१९९९ साली त्याच गटाचे सामने पुन्हा आले. मंडळाची सारी भिस्त धर्मराजवर होती. तो नसेल तर सामना गेल्यातच जमा. धर्मराज भुजंगासारखाच धावला आणि तरी चारशे ग्रॅम जास्त भरला. भुजंग त्याच्यावर खेकसला तेव्हा शांतिलालशेठ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्याला बोलू नको, भुजंग. तुझं बी उतरल्तं न्हाई. बारदान्याचा गोळा तसाच राह्यल्ता. दुसऱ्या दिशी कापूस तोलताना मला कळलं. गाव जिंकल्तं, मंग गप बसलो."

मग शेठनी माझ्या गोळ्याकडे बोट केले. "आता बी तिथं नेता येतो. कुणाला कळणार न्हाई."

भुजंगाने गोळ्यावर हात ठेवला. ज्या वजनावर त्याची नोकरी, मान, हे मंडळ उभे राहिले, ते मीच चुकवले होते. पण सर्वांनाच तो किलो मिळाला होता, मग अन्याय कुणावर झाला?

भुजंगाने हात काढला. "उतर, धर्मराज," तो म्हणाला. मग आष्टीचा संघ घेऊन आलेल्या कडूबाला हाक मारून त्याने सगळ्यांदेखत सारे सांगितले.

कडूबाने माझ्या गोळ्याला बोट लावले. "म्हंजी मी एकसष्ट भरलो असतो तरी चाललं असतं?"

"व्हय."

"तीन दिस नुसत्या पाण्यावर होतो, भुजंगा. वजनात बसावं म्हणून." तो खाली बसला. "लोक म्हणले, आष्टीचा कडूबा भ्याला. मला बी तसंच वाटून राह्यलं आजवर."

भुजंग त्याच्या शेजारी मातीत बसला. पंच पुढच्या गड्याला बोलवायला विसरले.

मित्रांनो, मी कुणाचे वाईट केले की नाही, हे मला अजून कळत नाही. तुम्हाला कळले तर मला सांगा. पण कुणाला तोलायला उभे कराल, तेव्हा आधी काटा रिकामा ठेवून बघा. दांडी सरळ आहे का, एवढेच बघा. त्याला एक क्षण लागतो. कडूबाची सोळा वर्षे गेली.