हाताची वळचण

“कपाळावर हाताची वळचण धर, बानू… पाणी डोळ्यांत जाता कामा न्हाई.” सासू अंबाबाई जाऊन किती वर्षं झाली, पण लेकरू न्हाऊ घालायचं म्हटलं की तिचा आवाज यायचाच, आणि आज तो देव्हाऱ्यापुढेच आला. समईच्या उजेडात बानूबाई आपला उजवा तळहात पाहत होती. सुईचे बारीक ठिपके, बाभळीचा काटा टोचावा तसे, पट्टी कालच निघालेली – बस्स, एवढंच?

तिने हात जोडले. बोटाला बोट भिडलं, करंगळीसुद्धा. इतकी वर्षं करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वाकून बसलेलं. दिवा लावल्याशिवाय चहाचा घोटही न घेणारी ती, रोज हा अर्धा नमस्कार पदराखाली झाकून देवापुढे बसायची… कुठल्या नेमात खोट राहिली? लेण्याद्रीची चतुर्थी कधी चुकली का? नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, “मावशी, कातडीखालचा पडदा जाड होऊन त्याचा दोर बनतो. घरात कुणाचा होता असा हात?” – आणि बापाचा हात आठवला, मेंढरं कातरताना वाकड्या बोटांमुळे कात्री डाव्या हातात घेणारा. त्याने तर जन्मात एक नेम धरला नव्हता, मोडणार काय! मग बधिर केलेल्या हातात सुईचं टोक तो दोर खरवडत होतं आणि तिला हसू फुटलं. मग बाईंनी बोट हळूच मागे ओढलं… कट्. टाका नाही, काही नाही. “पण दोर तुटलाय, समूळ गेला नाही हं. पुन्हा आखडू शकतो.”

“किती येळ बघशील त्या हाताकडं?” दारातून नवरा, राघू, म्हणाला. “कायी उगवणार हाय का तिथं?”

“तुमचं आपलं कायतरी.”

“भाकरी बाकी गोल झाली आज. इतकी वर्सं नकाशे खाल्ले आमी.”

ती हसली, पण मन न्हाणीतच होतं. वस्तीतली सगळी लेकरं तिच्या पायांवर न्हायलेली. मग एकदा वाकड्या बोटांखालून साबणाचं पाणी सार्थकच्या डोळ्यांत गेलं, आणि त्याच्या आईने, सोनलने, किती गोडीनं पोर उचललं – “राहू द्या आत्या, दमला असाल.” चिडली असती तर बरं होतं… ती गोडीच मनाला लागली. पुन्हा कुणी बोलावलं नाही, तीही गेली नाही. फक्त बहिणीची लेक नंदा, पोटुशी असताना म्हणाली होती, “मावशी, माझ्या लेकराला तूच न्हाऊ घालायचं. कबूल?” – “हात उघडू दे बाई, येईन.” वारूळवाडीत नंदाला मुलगी झाली, बारसंही झालं. अजून वाट बघत असेल? की आता तिलाही भीती…

ती न्हाणीत बसली. डोळे मिटून तळहात स्वतःच्याच कपाळावर आडवा धरला आणि तांब्या ओतला. पाणी कानांवरून दोन्ही बाजूंनी गेलं. करंगळीच्या कडेनं एक थेंब आत आला… थेंबच. थोडं दाबून धरलं की झालं. पुन्हा ओतलं. पुन्हा.

मग केस पुसून तिने खोबरेल तेलाची बाटली पिशवीत टाकली. “वारूळवाडीला जाऊन येते,” एवढंच म्हणाली. राघूने तिच्या चपला पुढे सारल्या.

पेठेच्या फाट्यावर एसटीला हात केला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं – हात पदराबाहेर होता.