नजरेआडचा दोर

माझा धाकटा भाऊ झाडांचा डॉक्टर आणि मी त्याची कंपाउंडर. किडलेल्या फांद्या काढायच्या, वादळात मोडून वरच अडकलेलं लाकूड सांभाळून खाली आणायचं, असली कामं आम्ही दोघं एकोणीस वर्षं करतोय. तो वर, मी खाली. तो वरून ओरडतो, मी खालून ओरडते, आणि घरी आलो तरी आमचे आवाज काही उतरत नाहीत. भावजय म्हणते, "तुम्ही मीठ मागितलंत की शेजारी दार उघडतात."

हॉस्पिटलच्या फाटकावरची निलगिरी आम्ही रस्त्यावरून जाता-येता पाहिलेली होती. पण तिच्या बुंध्याशी उभं राहून वर बघितलं आणि माझी मान दुखायला लागली तरी शेंडा काही सापडेना. बुंध्याला कवेत घ्यायला चार माणसं लागली असती. जुनी साल लांबलचक पट्ट्यांनी सुटून लोंबत होती आणि तिच्या आतलं खोड नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोरासारखं गुळगुळीत, फिकट, किंचित ओलसर वाटणारं. हात लावला तर गार. वर कुठेतरी, आपल्याला न लागणारा वारा तिला लागत होता.

"ताई," भाऊ म्हणाला, "तू कुजबुजतेयस."

"तू तरी कुठे ओरडतोयस?"

तिची एक फांदी अकरा दिवसांपूर्वीच्या वादळात तुटली होती. खाली पडली असती तर प्रश्न मिटला असता. ती पडली नव्हती. साठ फुटांवर, दुसऱ्या जिवंत फांदीच्या खांद्यावर ती आडवी पडून राहिली होती, नेमकी फाटकाच्या वर. दहा माणसांचं वजन तरी असेल. ते सगळं त्या जिवंत फांदीने अकरा दिवस पेललं होतं. कमानीसारखी वाकून गेली होती बिचारी. फाटक बंद करून पेशंटना मागच्या बोळातून, धोब्याच्या दोऱ्यांखालून आत नेत होते. स्ट्रेचर वळत नव्हतं तिथे.

मेट्रन बाईंनी आम्हाला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "सोमवारी सकाळी आठला हे फाटक उघडणार. तोवर फांदी खाली आली तर ठीक, नाहीतर अख्खं झाड जाईल, क्रेनवाल्याला सांगून ठेवलंय."

तो क्रेनवाला म्हणजे आमच्या धंद्यातला 'आडवा'. खरं नाव कुणी घेत नाही. ज्या झाडापाशी तो गेला ते आडवं झालं, म्हणून आडवा. भाऊ तेही नाव घेत नाही. तो खाटीक म्हणतो.

"खाटकाला सोमवारी सुट्टी द्या," भाऊ बाईंना म्हणाला. "आज शुक्रवार. संध्याकाळी फाटक उघडून देतो."

ही बढाई नव्हती. अर्ध्या दिवसाचंच काम होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते, म्हणजे हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. लटकत्या फांदीखाली, किंवा ती पडून उसळेल तेवढ्या टप्प्यात, आम्ही गाडी कधीच उभी करत नाही. बाकी सगळं जग हॉस्पिटलच्या पहारेकऱ्यासमोर गाडी लावतं. आम्ही शहाणे. आम्ही अंतर मोजून गाडी धोबीखान्याच्याही पलीकडच्या दुसऱ्या, ओसाड बोळात नेली, जिथे झाडाची भीती नव्हती आणि माणूसही नव्हतं. लाकूड उतरवायचा जाड दोर दोघांनी मिळून बुंध्याशी ओढत आणला. मग पहारेकऱ्याने चहाला हाक मारली. दहा मिनिटं गेली असतील. परत जाऊन बघतो तर मागचं कुलूप तुटलेलं, लाकूड कापायचा मोटरचा कटर गेलेला, आणि चढायच्या दोराची पिशवी गेलेली.

कमरेचा पट्टा तेवढा वाचला, कारण भाऊ चहालाही तो बांधूनच गेला होता. एरवी मी यावरून त्याला चिडवते.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. "दोरी?" असं त्या हवालदाराने दोनदा विचारलं.

त्याचा दोष नाही. बाहेरच्या माणसाला दोर म्हणजे दोर. आमच्याकडे दोन वेगळ्या जाती असतात. एका दोराने लाकूड उतरवतात. त्याला हिसके बसतात, म्हणून त्याच्यावर माणूस कधी लटकत नाही. दुसऱ्यावर फक्त माणूस चढतो, बाकी काही नाही. त्या दुसऱ्या दोराची मी वही ठेवते. कधी आणला, कोणत्या झाडावर किती वेळ, पाऊस लागला का, कुठे घासला का, सगळं. एकदा, फार पूर्वी, भाऊ माझ्यासमोर बारा फुटांवरून पडला होता. नशीब बारा. तेव्हापासून दर चढाईआधी मी तो दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून काढते. दीडशे फूट. भाऊ वैतागतो, पण माझं संपेपर्यंत झाडाला पाय लावत नाही.

नवीन दोर मागवला तर आठ दिवस लागणार होते. गावात दुसरा कुणी झाडावर चढणारा उरला नव्हता की ज्याच्याकडे मागावा.

शनिवारी दुपारी पहारेकऱ्याच्या मेव्हण्याने जुन्या बाजारातून फोन केला. तुमच्यासारखा दोर दिसतोय म्हणाला. आम्ही धावलो. ताडपत्रीवर नळ, पंख्यांची पाती, गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांची रांग, आणि त्या रांगेला टेकून आमची पिशवी. दुकानदार म्हणत होता, "घ्या, साहेब, मजबूत आहे, गाडी ओढा, रेडा बांधा." मी दोराच्या टोकाला शिवलेला हिरवा धागा दाखवला, माझा स्वतःचा टाका, तसा त्याचा चेहरा उतरला. पोलिसांचं नाव काढायच्या आत त्याने पिशवी आमच्या हातात कोंबली. कटर मिळाला नाही. भावाला त्याची फिकीरच नव्हती.

"हातकरवतीने कापतो. उद्या रविवार. अख्खा दिवस आहे ताई, अख्खा दिवस!" गाडीत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. इतका खूश मी त्याला पोरगी झाली तेव्हाच पाहिला होता.

माझ्या डोळ्यांपुढून त्या बॅटऱ्या हलत नव्हत्या.

रविवारी पहाटेच उठून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर दोर सोडला आणि बोटांतून काढायला घेतला. एक फूट, दुसरा फूट. कुठे टणक नाही, कुठे मऊ नाही, एक तंतू वर आलेला नाही. दीडशे फूट संपले. परत उलट्या टोकाकडून काढला. भाऊ पट्टा बांधून दारात उभा.

"झालं?"

"झालं."

"काही सापडलं?"

"नाही."

"मग चल की."

"बॅटरीतल्या तेजाबाचा एक थेंब लागला तरी या धाग्यावर कळत नाही," मी म्हटलं. "दिसत नाही, हाताला लागत नाही. भार आला की तुटतो. तूच मला वाचून दाखवलं होतंस."

"लागलाय असं कुठे आहे?"

"नाही असं तरी कुठे आहे? हा दोर दोन दिवस माझ्या नजरेआड होता. त्याने गाडी ओढली, रेडा बांधला, कुणी दात कोरले, मला काय माहीत? वहीत ते दोन दिवस कोरे आहेत."

"तुझी वही!" तो ओरडला, आणि शेजारचं दार खरंच उघडलं. "तिकडे दीडशे वर्षांचं झाड उभं आहे आणि तू वहीत बघ. उद्या तो खाटीक बुंध्यात करवत घालणार. माझा जीव आहे ना? मी टाकतो धोक्यात."

"तुझा एकट्याचा केव्हापासून झाला?"

तो वाकून दोर उचलायला लागला. मला कळलं, मी वळले की हा जाणार. एकटा जाणार, वेड्यासारखा, आणि कदाचित काहीही होणार नाही. कदाचित. मी ओट्याखालचा कोयता घेतला, दोर पाटावर धरला आणि तोडला. मग पुन्हा. हाताएवढा तुकडा, मग पुढचा. नवव्या-दहाव्या तुकड्यानंतर माझा खांदा भरून आला, तरी थांबले नाही, कारण अर्धा दोरही त्याला पुरला असता.

तो बघत राहिला. शेवटी इतकंच म्हणाला, "ताई, आज तू झाड तोडलंस."

त्या दिवशी आमच्या घरातून शेजाऱ्यांना एक शब्दही ऐकू आला नाही.

सोमवारी सकाळी सातला आम्ही फाटकापाशी होतो. कशाला गेलो, विचारू नका. काही माणसांना शेवटचं भेटायला जातो तसं. वारा नव्हता. ऊन फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर पडलं होतं, खाली अजून सावलीच. एवढ्या उंचीवर सकाळ आमच्याआधी होते हे माझ्या तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. पानं चकाकत होती, आणि खाली आम्ही दोघं मुंग्यांसारखे.

क्रेन आली. आडवा उतरला. साठीचा, जाड भिंगांचा, उतरताना एक पाय आधी खाली टेकवून दुसरा हाताने उचलून ठेवणारा माणूस. मी त्याला जवळून प्रथमच पाहत होते.

"डॉक्टर," तो भावाला म्हणाला, "तुम्ही करणार होतात म्हणे."

भावाने तोंड फिरवलं. मीच सांगितलं. चोरी, जुना बाजार, बॅटऱ्या.

"मग दोर मिळाला ना?"

"मिळाला. कापून टाकला."

"कुणी?"

"हिने," भाऊ म्हणाला. त्याचं आडव्याशी पहिलं वाक्य, आणि तेही माझ्यावर फिर्याद.

आडव्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं. "केवढे तुकडे केलेत, बाई?"

"हाताएवढे."

"बरोबर. त्याहून लांब ठेवू नयेत. कुणीतरी झोका बांधतं." मग त्याने झाडाकडे मान वर केली. "हिच्यावर मी एकदा चढलोय. तुमचा डॉक्टर तेव्हा शाळेत असेल. शेंड्याजवळ एक बेचकं आहे, माणूस पाठ टेकून बसतो असं. मी तिथे तासभर बसलो होतो. खालून शिव्या घालत होते मला."

भावाने मान वळवली.

"कंबर गेली नि सगळं संपलं," आडवा म्हणाला. "खालून जे जमतं ते करतो."

तो क्रेनच्या केबिनकडे गेला आणि सीटच्या मागून एक पिशवी काढून घेऊन आला. पिशवीत दोर होता. नवा, पांढरा, निळ्या रेघेचा. आणि दोराच्या वर एक वही.

मी वही उघडली. पहिल्या पानावर घेतल्याची तारीख, चार वर्षांपूर्वीची. पुढे 'चढाई' असा रकाना आखलेला. तो कोरा. शेजारी दर महिन्याच्या एक तारखेला, बारीक अक्षरात, एकच ओळ: बोटांतून काढला. ठीक. खाली पुन्हा: बोटांतून काढला. ठीक. एक महिना सुटलेला नाही. पानामागून पान. एका तारखेला अक्षर थरथरतं, तिथे लिहिलं होतं, 'ताप आहे, तरी काढला. ठीक.'

माझ्याने पुढचं पान उलटवेना. जो माणूस आता स्टुलावरसुद्धा चढू शकत नव्हता, तो चार वर्षं दर महिन्याला दीडशे फूट दोर बोटांतून काढत होता.

"हा जुना झाला की नवा घेतो," तो म्हणाला. "का घेतो ते विचारू नका. आमच्या घरातही विचारून दमलेत."

भावाने वही माझ्या हातातून घेतली. वाचली. मिटली. मग त्याने आडव्याला विचारलं, "काका, चढू?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

मी तिथेच फरसबंदीवर बसून दोर बोटांतून काढला. आडवा दुसरं टोक धरून होता. मधे मेट्रन बाई आल्या, घड्याळ दाखवलं. आडवा म्हणाला, "बाई, तुम्हाला फाटक मोकळं हवंय. झाड पाडलं तर लाकूड उचलायलाच चार दिवस जातील. यांना दुपारी बारापर्यंत द्या." बाई वर बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "बारा म्हणजे बारा."

पट्टा, करवत, उतरवायचा दोर आमच्या गाडीत होतेच. चढायचा दोर वर गेला. भाऊ वर गेला. आधी पट्टा दिसत होता, मग पाय, मग फक्त पांढऱ्या खोडावर सरकणारा एक ठिपका. उन्हात पोचला तेव्हा तो पेटल्यासारखा दिसला. वरच्या फांदीवरून फिरून खाली आलेल्या उतरवायच्या दोराचे मी बुंध्याला तीन वेढे दिले आणि टोक कमरेमागून हातात धरलं. हातकरवतीचा आवाज इतक्या उंचावरून कुणी कागद घासतंय तसा येत होता.

पहिला तुकडा सुटला. दोर वेढ्यांतून कुरकुरला, माझ्या हातमोज्यांना ऊब आली. सोडत, सोडत, सोडत जमिनीला. दुसरा. भाऊ वरून ओरडला, "सोड हळू!" आडवा खालून ओरडला, "हळूच सोडतेय ती, तू तुझं बघ!" मी हसले आणि दोर हलला, म्हणून हसणं बंद केलं.

तिसरा तुकडा सगळ्यात मोठा होता. पावणेबारा वाजता भावाने तो कापला. भार दोरावर आला तसा मी पुढे खेचली गेले, आडव्याने मागून माझा पट्टा धरला. लाकूड हवेत गिरकी घेत तरंगलं.

तेव्हा ते झालं. ज्या फांदीने चौदा दिवस ते ओझं वाहिलं होतं, ती उठायला लागली. झटक्याने नव्हे. हळूहळू. आधी वीतभर, मग हातभर, पानांसकट, सावलीतून वर उन्हात. माणूस जड गोणी उतरवून पाठ सरळ करतो तशी ती सरळ होत होती. आवाज काही नव्हता, फक्त सुटी झालेली साल फाटकावर झरझर पडत होती. बारा वाजायला आले म्हणून बाहेर आलेल्या मेट्रन बाईंच्या टोपीवर पडली. त्यांनी झटकली नाही.

साठ फुटांवर भाऊ करवत खाली सोडून, दोन्ही हात खोडावर टेकवून बघत होता. मी दोर धरून होते. लाकूड अजून हवेतच होतं, ते उतरवायचं राहिलं होतं, आणि माझ्या मागे उभा असलेला तो म्हातारा कुजबुजत होता, "बाई, थांबा जरा. घाई करू नका. होऊ द्या तिला सरळ."