खिळ्यांची फळी

मिस्त्रीचं खिळ्यांशी हाडवैर. वादळात पडलेली, रस्त्यासाठी तोडलेली झाडं लोक त्याच्याकडे फळ्या पाडायला आणत, आणि तो आधी लोखंड शोधायचं यंत्र बुंध्यावर फिरवायचा. एक खिळा जरी राहिला तरी करवतीच्या पात्याचे बारा वाजलेच म्हणून समजा. गावातल्या एका म्हाताऱ्या मावशींच्या अंगणातल्या बुंध्यात त्याला सात सापडले, चार-चार बोटांवर, एकावर एक. "झाड होतं की कपडे टांगायची खुंटी?" म्हणत त्याने पटाशीने खोदून सगळे उपटले, भंगारवाल्याला दिले, आणि ती भोकं पडलेली बाजू पहिल्याच कापात काढून भट्टीत घातली. आतल्या फळ्या अशा देखण्या निघाल्या की स्वारी दिवसभर खुशीत होती.

आठवड्याने मावशी मुलीला घेऊन आल्या. फळ्यांवरून हात फिरवून झाला, तशी त्यांनी विचारलं, "खिळ्यांची फळी कुठंय? माझ्या धाकट्याला मी दर वाढदिवसाला झाडाशी उभं करायचे आणि डोक्यापाशी एक खिळा मारायचे. आठवा मारायची वेळच आली नाही. त्याच फळीचा बाक करायचाय. तुम्हाला सांगायचं राहिलंच बघा."

मिस्त्रीच्या तोंडातून निघून गेलं, "खिळे? नव्हते हो त्यात, मावशी."

"बघ," मुलगी दमल्या आवाजात म्हणाली. "परवा गॅस, काल किल्ल्या. आई, आता डॉक्टरांना दाखवूच या."

"नव्हते?" मावशी कसनुसं हसल्या. "असेल बाई. मग त्याचं आणखी काय काय मी मनानेच रचलंय, देव जाणे."

मिस्त्रीला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. फळी जाळली ती अजाणता. पण हे? हे तर शुद्धीवर असताना केलं होतं, तेही कुणाशी, तर या म्हातारीशी. त्याला स्वतःची शरम वाटली.

"होते," तो म्हणाला. मान काही वर होईना. "मीच उपटले सगळे. फळी जाळून टाकली. तुमचं बरोबर आहे, मावशी, मी खोटं बोललो."

आता शिव्या खायच्या म्हणून तो उभा राहिला. खायलाच हव्या होत्या. पण मावशींनी मुलीचा दंड घट्ट धरला. "ऐकलंस ना? होते."

मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "उपकार झाले हो, मिस्त्री."

यापेक्षा त्यांनी पायातली काढून मारली असती तर बरं, असं त्याला झालं.