कोपऱ्यातला लाल डाग

गुनवर गेली त्या दिवशी कारखान्यातल्या टोर्ग्नीचा वाढदिवस होता. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, म्हणून त्याने हिरवा केक आणला होता. कॉफीच्या सुट्टीत मी दुसरा तुकडा कापत होतो, तेवढ्यात दारात पोलीसबाई दिसली आणि तिच्या मागे पाद्री. पाद्री सोबत आहे म्हटल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं.

गुनवर, माझी बायको, ग्रंथालयाची बस चालवायची. जंगलातल्या वाड्यांवर पुस्तकं पोचवायची. खडीच्या रस्त्यावर एका वळणावर बसचा मागचा ॲक्सल सरकला आणि बस नदीत गेली. नदी अजून गोठली नव्हती.

ती बस आमच्याच कारखान्यात बांधलेली. ट्रकची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, घ्यायची, वेल्ड करून लांबवायची, वर बस चढवायची. चासी ताण सोसेल की नाही ते आधी कॉम्प्युटरवर बघतात. चासीच्या आकृतीवर बारीक जाळी घालायची, वजन आणि धक्के द्यायचे. ताण कमी तिथे निळं दिसतं, जास्त तिथे लाल. मी केबिनचं काम बघतो, टोर्ग्नी चासीचं.

दफनानंतर तपासवाल्यांनी मला फोटो दाखवला. मागच्या स्प्रिंगचा ब्रॅकेट चासीला जिथे वेल्ड केलाय, तिथल्या आतल्या कोपऱ्यात ती तुटली होती. तड्याच्या आत गंज होता. म्हणजे तडा त्या दिवशीचा नव्हता.

मी तडक टोर्ग्नीच्या टेबलाशी गेलो.

"त्या चासीचं चित्र उघड."

"हाल्वार, घरी जा रे. कशाला जिवाला त्रास?"

"उघड म्हटलं ना!"

त्याने उघडलं. सगळं निळं-हिरवं, बघत राहावं असं. फक्त त्या कोपऱ्यात एक करडा ठिपका. जाळीतली तेवढी घरं त्याने झाकून ठेवली होती.

"दाखव ती."

तो हलेना. मी त्याच्या हातातून माउस ओढला आणि झाकलेली घरं उघडी केली. कोपरा लालभडक झाला.

"तो डाग खोटा असतो," टोर्ग्नी म्हणाला. "धारदार कोपऱ्यात जाळी जितकी बारीक करशील तितका आकडा चढतो. त्याला अंतच नाही. तुलाही माहितेय. सगळेच झाकतात."

"आकडा खोटा असेल. कोपरा खोटा होता का? वेल्ड खोटा होता? शेजारचे ताण घेऊन वेल्ड किती धक्के खाईल ते काढायचं असतं. अर्ध्या दिवसाचं काम! काढलंस?"

"बस द्यायची घाई होती."

"केक आणायला वेळ होता तुला."

हे मी बोललो आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

राग्नहिल्ड, आमची साहेबीण, हसऱ्या तोंडाने धावत आली. आम्हाला खोलीत बसवलं, कॉफी ओतली. "आपण सगळ्यांनी मिळून यातून शिकायला हवं," म्हणाली.

"सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही. याच चासीच्या अजून दोन बस रस्त्यावर आहेत, राग्नहिल्ड. आज थांबव."

"चौकशी चालू आहे. वकील म्हणतात, तोवर कशालाच हात लावू नका. तू थोडी विश्रांती घे."

"मी विश्रांती घेतो. बसला कोण देणार?"

ती कॉफीत चमचा फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालेना.

तपासवाले म्हणाले, अहवाल वसंतात येईल. तोवर बर्फ पडेल, रस्ते खड्ड्यांनी भरतील. मग मी त्यातली एक बस चालवणाऱ्या मायलिसला फोन केला. ती गुनवरची मैत्रीण, दफनाला ओक्साबोक्शी रडलेली.

"मायलिस, बस बाहेर काढू नकोस गं. मागचा ब्रॅकेट बघ."

"बघितला. रंग दिसतो नुसता. तुझं दुःख कळतं रे मला, पण कंपनीने लेखी दिलंय की बस ठीक आहे. मी नाही गेले तर म्हाताऱ्या वाट बघत खिडकीत बसून राहतात."

"रंगाखाली बघ! खरवडून बघ!"

"सरकारी बस मी खरवडू?"

ती तशी भली बाई. सांगितलेलं ऐकणारी. इथे सगळेच तसे आहेत.

टोर्ग्नी परवा दारात आला होता, हातात फुलं. मी विचारलं, हिशोब केलास का? म्हणाला, परवानगी नाही. मी दार लावून घेतलं.

दोन्ही बस आजही गेल्या आहेत. त्या कोपऱ्याचा हिशोब अजून कुणी केलेला नाही.