गेरूची रेघ
"शर्ट वर कर," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् डाक्टरणीकडं गेलो न्हवतो असं सांगू नको. मलमाचा वास येतोय."

सूरज ओशाळला. तिशीतला रिक्षावाला, कमरेला नागीण उठली होती, दोन वर्षांतली दुसरी. धायरीत नागीण उतरवावी ती द्वारकाबाईंनीच. सहाणेवर गेरू उगाळून पुरळाच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची, म्हणजे तोंड-शेपूट जुळत नाही. जुळलं की माणूस संपला, असं सासूने शिकवलं होतं. पण समोर डॉक्टर श्रद्धाचा दवाखाना झाला आणि बाईंच्या ओट्यापुढच्या चपला रस्ता ओलांडून गेल्या. बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. कालची पोर, आणि लोक तिला मॅडम म्हणतात!

"काय म्हनली तुझी मॅडम?"

"गोळ्या दिल्यात. आन् रक्त तपासाया सांगितलंय. एचआयव्हीचं." त्याचा आवाज उतरला. "म्हनली, नागीण म्हाताऱ्यांना जास्त हुती. तुझ्या वयात परत परत उठली, म्हंजे अंगातली ताकद कशानं तरी कमी झाली आसंल. नसंलबी, पर बघून घिऊ. मी न्हाई जायाचो काकू. तुमीच उतरवा."

बाई जिंकल्या होत्या. त्यांनी गेरूत बोट बुडवलं आणि ते तिथेच राहिलं.

त्यांच्या नवऱ्याला, रंगनाथला, पस्तिशीत नागीण झाली होती. वर्षाने पुन्हा. दोन्ही वेळा बाईंनीच उतरवली आणि गावभर मिरवलं. पुढे तो खंगत गेला तो गेलाच. सगळे टीबी म्हणाले. रक्त कुणी तपासलं नाही; नागीण तर उतरली होती ना!

"सोनालीला सांगितलंस?"

"बायकूला? न्हाई."

"तिला घिऊन जा. दोघांचंबी तपासा. आत्ताच."

"आन् गेरू?"

"गेरूला रक्तातलं दिसत न्हाई, बाबा."

तासाभराने दोघं दवाखान्यात शिरताना बाईंनी ओट्यावरून पाहिलं. पुन्हा त्यांचा जळफळाट झाला, पण या वेळी डॉक्टरणीवर नाही, सोनालीवर. काही निघालंच तर तिच्या नवऱ्याला गोळ्या मिळतील. तो रिक्षा चालवेल, तिच्याशी भांडेल, म्हातारा होईल.

ती दोघं गेल्यावर बाई उठल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरची पायरी चढल्या.

"माझंबी बघा. सूरजचं बघितलं तेच."

श्रद्धाने सुई काढली. बाईंचं बोट धरून तिने कापूस फिरवला, तर तो लाल झाला.

"काकू, मी अजून टोचलंही नाही!"

"गेरू हाय तो," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुसा, मॅडम."