नऊ गाड्यांचे फोटो

ओफेलिया ब्रूसार्डने अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये तीस वर्षं बस चालवली होती. त्या मंगळवारी सकाळी तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि अँब्युलन्स अरुंद गल्लीत आडवी उभी राहिली. रस्ता झाडणारी पालिकेची झाडूगाडी यायच्या वेळी कडेला गाडी उभी दिसली की दंड होई; म्हणून ती यायच्या आत आपल्या गाड्या हलवायला निघालेले शेजारी अडकून पडले. अँब्युलन्स जाते न जाते तोच झाडूगाडी शिरली आणि तिच्यावरच्या कॅमेऱ्याने ओफेलियाच्या गाडीसकट गल्लीतल्या नऊही गाड्यांचे फोटो काढले.

नवरा वाचला, पण नऊ घरांत दंडाच्या नोटिसा आल्या.

दंडाविरुद्धच्या सुनावणीत अधिकाऱ्याने ओफेलियाने आणलेला इस्पितळाचा कागद वाचला. "मॅडम, तुमचा दंड माफ. इथे सही करा."

"आणि बाकीच्या आठांचा?"

"त्यांनी आपापले अर्ज करावेत."

"का म्हणून? माझ्या माणसापायीच अडकले ना ते?"

"कॅमेऱ्याला कारण दिसत नाही हो."

"म्हणून तर तुम्हाला इथे बसवलंय! तुम्हीही नुसते नंबरच बघणार असाल, तर घरी जा."

"मागे रांग आहे, मॅडम."

"असू दे. मी हलत नाही."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बरोबर बोलतेय ती!"

अधिकाऱ्याने आठही नोटिसा काढल्या आणि एकेक रद्द केली. ओफेलियाने आठवी नीट वाचून पाहिली, मगच स्वतःच्या कागदावर सही केली.